लामूसा काय ओरडला होता

ती बाई आली तेव्हा मी बनियनवर पंख्यासमोर बसून शेंगा खात होतो. आमची एडिटिंगची खोली वागाडुगूच्या दापोया भागात एका शिंप्याच्या दुकानामागे आहे. तिथं यायचं म्हणजे शिंप्याच्या गिऱ्हाइकांना ढकलत यावं लागतं. ती तशीच आली, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि माझ्याकडे न बघता संगणकाकडे बघत उभी राहिली. पन्नाशीची असेल. अंगाला आंबवलेल्या ज्वारीचा वास. डोलोची, म्हणजे ज्वारीच्या दारूची, भट्टी लावणाऱ्या बायकांच्या अंगाला येतो तो.

“‘आभाळाचा परवाना’ सिनेमा इथं केला ना?”

“सिनेमा ओडिल सानूचा. मी तुकडे जोडतो.”

“मग तुझ्याशीच काम आहे. माझा मुलगा आहे त्यात.”

शूटिंगला आलेल्या पोरांच्या आया अधूनमधून येतात. जेवण दिलं नाही, उन्हात उभं केलं, असली गाऱ्हाणी असतात. मी शर्ट चढवत विचारलं, “कुठल्या प्रसंगात?”

“गर्दीच्या. सगळे एका बाजूला पळतात आणि हा एकटा मागं वळतो. निळा शर्ट. लामूसा निकिएमा.”

“मग त्यालाच पाठवायचं की.”

“तो दहा वर्षांपूर्वी गेला,” ती म्हणाली. “ऑक्टोबरात.”

त्या वर्षीचा ऑक्टोबर म्हटल्यावर वागाडुगूत कुणी पुढं विचारत नाही. मी शेंगांची टरफलं उगाच गोळा करत राहिलो.

आमचा सिनेमा दोन हजार एक्याण्णव सालातला. त्या काळी आमच्या शहरात पाऊस सरकारी परवान्यावर पडतो. प्रत्येक वस्तीची पाळी ठरलेली, ढग सरकारचे. एका वर्षी तांपूईची पाळी परस्पर दुसऱ्याला देऊन टाकतात आणि लोक उठतात. आता लोक उठतात हे कागदावर लिहिणं सोपं. ओडिलला दहा हजार माणसं हवी होती आणि आमच्याकडे चाळीस होती, त्यातली सहा तिच्या नात्यातली. तेव्हा मला सेलेस्तँ बादो आठवला. ऑक्टोबरच्या त्या उठावात, लोकांनी राष्ट्राध्यक्षाला पळवून लावलं तेव्हा, हा म्हातारा कॅमेरा घेऊन रस्त्यावर होता. त्यानं चित्रण देऊन टाकलं. मी आभाळ तांब्याच्या रंगाचं केलं, फलकांवरची अक्षरं बदलली, मागं उंच मनोरे उभे केले. काम झकास झालं. माणसं फुकटात मिळाली म्हणून आम्ही खूश होतो. त्या माणसांना घरं असतील, आया असतील, हे खरं सांगतो, माझ्या डोक्यातही आलं नाही.

“गुरुवारी तांपूईच्या मैदानात बघितला,” ती सांगू लागली. “मग शुक्रवारी गुंगँला गेले, रविवारी झोगोनाला. तीनदा बघितला. चार सेकंद दिसतो. तिथं तो काहीतरी ओरडतो, पण आवाज त्याचा नाही.”

“आवाज आम्ही नंतर भरलाय. ‘आभाळ आमचं!’ असं.”

“कुणी भरला?”

“मीच.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तरीच. असला फाटका आवाज निकिएमांच्या सात पिढ्यांत कुणाचा नाही. नाव काय तुझं?”

“बार्नाबे तोए.”

“तोए? म्हणजे सामो?”

“सामो.”

“मग दारातच सांगायचं नाही का, गुलामा! मी मघापासून तुझ्याशी मापात बोलतेय.”

आमच्याकडे मोसी आणि सामो या दोन जमातींत हे जुनं चालत आलंय. मोसीनं सामोला गुलाम म्हणायचं, सामोनं मोसीला. राग धरायचा नाही. मयताच्या घरी तर सामो माणसानं मोसींची थट्टा करायलाच हवी, तो तिथं गप्प बसला तर अपमान समजतात. मी म्हटलं, “मालकासमोर उभं राहायची रीत तुला माहीत नाही, ते दिसलंच. बस त्या स्टुलावर.” ती बसली. तिचं नाव तिपोको.

मग ती कशासाठी आली ते तिनं सांगितलं. तांपूईच्या चौकात एक दगड आहे. ऑक्टोबरात गेलेल्यांच्या घरच्यांची एक संघटना आहे, तिनं बसवलेला. त्यावर लामूसाचं नाव, वय एकोणीस, आणि खाली फ्रेंचमध्ये त्याचे अखेरचे शब्द: ‘मातृभूमी, मी आलो.’

“दहा वर्षं मी त्या दगडाला हार घालते,” तिपोको म्हणाली. “माझा पोरगा आयुष्यभर आपल्या मोरे भाषेत बोलला, मोरेत भांडला, मोरेत शिव्या खाल्ल्या. आणि मेला म्हणे फ्रेंचमध्ये! मला पटत नाही. तुझ्या सिनेमात त्याचं तोंड हलताना बघितलं. तो काय म्हणत होता तेवढं मला शोधून दे.”

बादो आता कूदूगूला गिनी कोंबड्या पाळतो. दुसऱ्या दिवशी मी बस पकडून गेलो. दुधाच्या पावडरीच्या डब्यात त्यानं कॅमेऱ्याची सगळी कार्डं जपून ठेवली होती. “तुम्ही सिनेमावाले चित्रं घेऊन गेलात,” तो म्हणाला, “आवाज कुणी मागितलाच नाही.”

पूर्ण तुकडा अकरा सेकंदांचा निघाला. त्यातले आम्ही चारच वापरले होते. आवाजात वारा, शिट्ट्या, हजार माणसांचा गलका, आणि कॅमेऱ्यापासून चार पावलांवर एक पोरगा. तीन दिवस मी गलक्याचा एकेक थर काढत बसलो. दोनदा वीज गेली आणि केलेलं पुसलं गेलं. शनिवारी दुपारी शब्द सुटे झाले. लामूसा मोरेत ओरडत होता:

“बुरैमा! ऊठ की लेका! आईच्या मोपेडची किल्ली तुझ्या खिशात आहे. तू इथं आडवा झालास तर मी काय घरी चालत जाऊ?”

मी हसलो. खोलीत एकटाच होतो आणि मोठ्यानं हसलो. मग त्यानंतर काय झालं असेल ते डोळ्यांपुढं आलं आणि हेडफोन डोक्यावरून काढून टेबलावर ठेवला.

ओडिलला बोलावून ऐकवलं. ओडिल तशी कणखर बाई. बोबो शहरातली आहे, सहजी डोळ्यात पाणी येत नाही. तिनं दोनदा ऐकलं आणि म्हणाली, “नको सांगू तिला. वाऱ्यामुळं ऐकू येत नाही म्हण.”

“आवाज तिच्या पोराचा नाही, हे तिनं चार सेकंदांत पकडलं. तिच्याशी खोटं बोलून बघ तू.”

“आईच्या गाडीसाठी पोरगा मागं वळला आणि मेला, हे तिला ऐकवणार तू?”

मंगळवारी तिपोको आली, स्टुलावर बसली, पदर सावरला आणि हात पुढं केला. मी हेडफोन कानावर चढवायला दिला आणि तुकडा चालू केला.

तिनं पाच वेळा ऐकलं. पहिल्यांदा ऐकताना तिचा चेहरा उजळला. नुसता आवाज ऐकत होती, शब्दांकडं लक्षच नव्हतं. दुसऱ्यांदा हसली. तिसऱ्यांदा हसू राहिलं नाही. पाचव्यांदा ऐकून झाल्यावर तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“त्या दिवशी सकाळी मी आरडाओरडा केला होता,” ती म्हणाली. “गाडी मी ज्वारी आणायला घेतली होती. हा रोज उठून मित्रांना फिरवायचा. म्हटलं, गाडी परत आणल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस.”

शिंप्याचं मशीन बाहेर खडखडत होतं. काय बोलावं? धीर देणारे सगळे शब्द खोटे वाटत होते. शेवटी आमच्या वाडवडिलांनी जे शिकवलं तेच तोंडातून निघालं. “म्हणजे निकिएमांच्या घरात पोरापेक्षा गाडी लाडकी! मोसी ते मोसीच. तरी मी म्हणतो, आमच्या गुलामांना अक्कल कधी येणार?”

तिनं मान वर केली. क्षणभर वाटलं, आता कानाखाली बसते. ती बसलीच, पण हलकी. “कुत्रखाऊ सामो!” ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते आवरेना. शिंप्यानं मशीन थांबवलं. तो पाणी घेऊन आला, पेला माझ्या हातात दिला आणि गिऱ्हाइकांना घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, “तांगँला कसं जायचं रे इथून? धरणाच्या बाजूला.”

“कशाला?”

“बुरैमा तिथं मोपेड दुरुस्त करतो म्हणतात. माझ्या हातची ज्वारीची उकड, साघबो, खाऊन वाढलेला पोरगा. दहा वर्षं माझ्या गल्लीत फिरकला नाही. मला वाटायचं, विसरला.”

मी तिला माझ्या गाडीवर बसवून नेलं. धरणाच्या रस्त्याला कडुनिंबाखाली त्याचं दुकान: चार टायर, एक पंप, एक बाक. बुरैमा एका इंजिनात डोकं घालून बसला होता. तिशीचा झालेला, दाढी राखलेली. तिपोकोला बघितल्यावर हातातला पाना खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. उठला. डावा पाय जरा ओढत होता.

“मा,” तो म्हणाला.

“बसायला सांगशील की नाही? की गिऱ्हाईकच लागतं बाकावर बसायला?”

त्यानं चिंध्यांनी बाक पुसला. मी फोनवर घेतलेला तो तुकडा त्याला ऐकवला. ऐकताना तो जमिनीकडे बघत होता. संपल्यावर म्हणाला, “असंच म्हणाला होता. अगदी असंच.”

“तू पडला होतास?”

“पाय वाकडा झाला. माणसं अंगावरून जात होती. मी हाक मारली नाही, मा, आईशपथ. त्यानंच बघितलं. आणि ते किल्लीचं ओरडला तेव्हा मला हसू आलं. तेवढ्यात हसू! मी हसत हसतच उठलो. त्यानं मला भिंतीपर्यंत ओढलं, आधी मला पलीकडं ढकललं, आणि मग...”

“ते राहू दे,” तिपोको म्हणाली. “मला एवढंच सांग. तो कशासाठी वळला? गाडीसाठी?”

बुरैमानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. “गाडीसाठी कशाला वळेल? दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती. तुझ्या चवाळ्याखालची. सकाळी मला दाखवून म्हणाला, म्हातारी एक लपवते, मी दुसरी शोधतो. माझ्या खिशातली गेली असती तरी त्याचं काही अडलं नसतं.”

रस्त्यावरून गाढवाची गाडी गेली, धूळ उडाली, तिपोको तोंडापुढं हात धरायलाही विसरली.

“ती किल्ली मी दोन महिने शोधत होते,” ती म्हणाली. “सगळी मडकी उलटी केली होती.”

मला वाटलं होतं की बुरैमा तिचं मन राखायला बोलतोय. तसं नव्हतं.

“तू आला का नाहीस रे?”

“कुठल्या तोंडानं येऊ? त्याच्या जागी मी जिवंत.”

“मूर्खा! माझ्याकडे बोलायला दुसरं होतं तरी कोण? तो दगड?” ती उठली. “रविवारी ये. जेवायला. आणि तो केसाळ चेहरा साफ करून ये, मला ओळखू येऊ दे.”

हे इथं संपलं असतं, पण तिपोकोला आता दुसरंच हवं होतं. सिनेमातला माझा फाटका आवाज काढायचा आणि तिथं लामूसाचा ठेवायचा. “बाकी तुमचं आभाळ काय रंगाचं करायचं ते करा,” ती ओडिलला म्हणाली. “पण पोरगा बोलेल तर स्वतःचं बोलेल.”

ओडिलनं लगेच होकार दिला नाही. सिनेमाला सरकारी समितीची परवानगी मिळाली होती. काही बदलायचं म्हणजे पुन्हा समितीपुढं जायचं, आणि सध्याचे लष्करी राजवटीचे दिवस असे की समितीपुढं एकदा जाऊन माणूस सुखरूप आला तर घरी कोंबडं कापतात. वर संघटनेचे अध्यक्ष इयासेंत बालिमा. निवृत्त मास्तर, उठावात त्यांचा धाकटा भाऊ गेला. त्यांच्या कानावर गेलं आणि ते स्वतः शिंप्याच्या दुकानातून वाट काढत आमच्याकडे आले. कोट घालून, त्या उन्हात.

“दगडावरचे शब्द मी लिहिले,” त्यांनी आल्या आल्या कबूल केलं. “सगळ्यांचेच मी लिहिले. शेवटी कोण काय बोललं, कुणी ऐकलं होतं? घरच्यांच्या हातात काहीतरी द्यायचं होतं, तिपोको. माझ्या भावाचेही मीच लिहिले.”

“मी तुम्हाला बोल लावत नाही, मास्तर.”

“मग ऐका माझं. दर वर्षी स्मरणाच्या दिवसाला परवानगी मागायला मला किती दारं झिजवावी लागतात, तुम्हाला माहीत आहे. वर बसलेल्यांना निमित्तच हवंय. उद्या लोक सिनेमात हसले, तर म्हणतील, बघा, हे कसले हुतात्मे? मोपेडवर बसून मजा बघायला आलेली पोरं ही.”

“पोरंच होती की, मास्तर.”

बालिमांनी चष्मा काढला.

“माझा लामूसा मजा बघायलाच गेला असेल,” तिपोको म्हणाली. “मला माहीत नाही. पण सगळे पळत असताना तो मित्राला उचलायला मागं वळला आणि वर त्याला हसवलं. हे मी कुणाला सांगायचं नाही? तुमचा दगड राहू दे. हार मी घालीनच. पण तो माणूस मला ओळखीचा वाटत नाही हो, त्या दगडावरचा.”

ओडिल खिडकीशी उभी होती. तिनं मला खूण केली: काढ तो तुझा आवाज. मी काढला. आणि चार सेकंदांच्या जागी पूर्ण अकरा सेकंद घातले.

समितीत तिघं होते. त्यातल्या एका गणवेशवाल्यानं तो प्रसंग थांबवून विचारलं, “दोन हजार एक्याण्णव साली मोपेड?”

“वागाडुगूत मोपेड तेव्हाही असतीलच, साहेब,” ओडिल म्हणाली.

त्यानं जरा विचार केला. “असतील,” म्हणाला आणि शिक्का मारला.

महिन्याभरानं तांपूईच्या मैदानात सिनेमा पुन्हा लागला. अंधार पडला तशी माणसं घरून स्टुलं, चटया घेऊन आली. तिपोको पुढच्या रांगेत, एका बाजूला गुळगुळीत दाढी केलेला बुरैमा, दुसऱ्या बाजूला मी. बालिमा मास्तर मागं कडेला उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

गर्दीचा प्रसंग आला. तांबडं आभाळ, मनोरे, पळणारी माणसं. निळा शर्ट वळला. “बुरैमा! ऊठ की लेका!” आईच्या मोपेडची किल्ली ऐकल्यावर अख्खं मैदान हसलं. बायका टाळ्या देऊन हसल्या, एक म्हातारा “बरोबर आहे पोराचं!” म्हणून ओरडला. मग पडद्यावर निळा शर्ट दुसऱ्या एकाला बगलेत धरून धुरात शिरला, आणि हसणं एकेक करून विझलं. तांपूईतल्या बऱ्याच जणांनी तो आवाज ओळखला होता.

मी तिपोकोकडे बघायला घाबरत होतो. पण ती मागं वळून, पडद्याकडे पाठ करून, हसणाऱ्या लोकांकडे बघत होती.

“असाच होता,” ती मला म्हणाली. “चारचौघांत गेला की हसवायचा. दहा वर्षं त्याचं नाव काढलं की सगळे माना खाली घालतात. हे आज बघितलं मी.”

मागं बालिमा मास्तर उभे होते तिकडे माझी नजर गेली. त्यांनी कोट काढून हातावर घेतला होता. सिनेमा संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, “त्या बादोकडे आणखी कार्डं आहेत का? राष्ट्रीय रेडिओच्या बाजूची?” त्यांचा भाऊ तिकडे होता.

“डबाभर आहेत, मास्तर.”

तेव्हापासून माझी खोली माझी राहिली नाही. आठवड्याला दोनतीन माणसं येतात. एक मुलगी आली, तिच्या वडिलांना शोधत. ते सापडले, खांद्यावर सायकल घेऊन पळणारे. ते जिवंत आहेत आणि त्यांना ते दृश्य फार आवडलं. एक बाई दोन दिवस बसली, तिला कुणीच सापडलं नाही. तिला तिपोकोनं घरी नेलं. तिपोको मंगळवारी येतेच. स्टुल तिचं, शेंगा माझ्या. आलेल्यांना पाणी देते आणि मला त्यांच्यादेखत गुलाम म्हणते. मास्तरांच्या भावाचा अजून पत्ता नाही. तीन कार्डं बघायची उरलीत.

गेल्या आठवड्यात पिवळ्या शर्टातला एक गृहस्थ आला. सरकारी खात्यात कारकून. लामूसाच्या मागं आठ पावलांवर, मूठ वर करून, चांगला ठळक दिसतो. मी उत्साहानं त्याचं दृश्य लावलं. तो घामाघूम झाला.

“हे काढा,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी मलेरिया झाला म्हणून रजा टाकली होती. साहेब अजून तेच आहेत.”

तिपोको इतकी हसली की तिला स्टुलावरून खाली बसावं लागलं. आम्ही पडद्यावरच्या त्याला दाढी लावली. जाताना तो दारात थांबला, परत पडद्याकडे वळला आणि म्हणाला, “मूठ मात्र राहू द्या.”